एकट्या बायकांसाठी निवारा काढताय? आधी बोर्डाचं बघा

कल्पना चांगली आहे, यात वाद नाही. कमी कमाईच्या, एकट्या बाईला दोन-तीन वर्षं टेकायला जागा द्यायची. तेवढ्यात तिनं चार पैसे गाठीला बांधायचे, एखादं काम शिकायचं, कोर्टाच्या तारखा उरकायच्या आणि मग स्वतःच्या हिमतीवर भाड्याच्या खोलीत जायचं. पण तुम्ही बेळगावात राहता ना? मग इतकी घाई बरी नव्हे.

सगळ्यात आधी बोर्ड. खोल्या किती, संडास किती, हे मागाहून ठरवता येतं. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्याप्रमाणे पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठीनं किती अंग चोरून बसायचं, यावर निदान सहा बैठका घ्या. आपला सीमाप्रश्न 1956 पासूनचा, सुप्रीम कोर्टातला दावा 2004 चा. तेव्हा अक्षरांच्या उंचीवर तीन-चार वर्षं गेली तर कोण नावं ठेवणार? तोवर बाई राहील कुठंतरी. बायका राहतातच की कुठंतरी.

कुठं, म्हणाल तर बसमध्ये. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत सरकारी साध्या बसचा प्रवास राज्यातल्या बायकांना फुकट आहे. खानापूरहून बेळगाव, बेळगावहून निपाणी, निपाणीहून परत. वर छप्पर, शेजारी खिडकी, भाडं नाही, डिपॉझिट नाही, आणि कंडक्टर नवऱ्याचं नाव विचारत नाही. कोगनोळीच्या सीमानाक्यापुढं मात्र जाऊ नये. पलीकडं लाल परीत अर्धं तिकीट पडतं. सीमाप्रश्नाची झळ तिला पोचते ती एवढीच.

घरमालकिणींनाही नाराज करू नका. निवारा निघाला तर त्यांच्या मुलाखती बंद पडतील. वडगावात मागावर कांड्या भरणारी एक बाई आमच्या गल्लीत खोली बघायला आली होती. हातात पत्र्याची ट्रंक आणि पिशवीत शेगडी, म्हणजे खोली मिळणारच अशा समजुतीनं आलेली. मी समोरच्या कट्ट्यावर पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"एकटीच हाईस काय गे?"

"होय मावशी."

"नवरा?"

"सोडलाय."

"कुणी कुणाला?"

यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मावशींनी खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, भाडं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आमचं काय नाही गे. गल्लीतले विचारतात." गल्लीतले म्हणजे मी आणि पेपर. आम्ही काही विचारलं नव्हतं, पण नाही असं म्हणायलाही उठलो नाही. ट्रंक पुन्हा डोक्यावर गेली.

आता कागदपत्रं. इथं तुम्हाला काही करावं लागत नाही, सगळं आपोआप होतं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. घरातून हाकललेल्या सुनेचं नाव सासूच्या कार्डात, त्यामुळे लक्ष्मी सासूकडं जाते. वेगळं कार्ड काढायला पत्ता लागतो, पत्त्याला भाडेकरार, कराराला डिपॉझिट, आणि डिपॉझिट भरायला ते 2000 बरे पडले असते. कचेरीतला फॉर्म कन्नडमध्ये, त्यात 'तंदे किंवा गंड' यांचं नाव, म्हणजे बापाचं नाहीतर नवऱ्याचं. दोन्ही रकाने मोकळे ठेवणारी बाई अजून कुठल्या भाषेच्या फॉर्मला सुचलेली नाही. या एका बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत आहे. खिडकीतून उत्तर येतं, "नाळे बन्नी." उद्या या. पूर्वी कर्नाटकातल्या खेड्यांत भूत येऊ नये म्हणून दारावर 'नाळे बा' लिहीत.

केंद्र सरकारच्या नोकरदार महिलांच्या वसतिगृहाचे नियम चुकूनसुद्धा वाचू नका. ही योजना 1972-73 पासूनची, आता तिला सखी निवास म्हणतात. तिथं भाडं पगाराच्या हिशेबानं ठरतं. दोघींच्या खोलीला पगाराच्या दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, म्हणजे आठ हजार मिळवणारीकडून फार तर आठशे. असं स्वस्त झालं तर बाई पैसे साठवेल, आणि साठवलं की निघून जाईल. मग वार्षिक अहवालात फोटो कुणाचा छापायचा? शिवाय कांड्या भरणारीला पगाराचा दाखला देतो कोण? तो आणायला सांगा, निम्म्या अर्जांचा निकाल दारातच लागतो.

तुमचे नियम तुम्ही करा. संध्याकाळी सातला दार बंद. उद्यमबागेतल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेली, मंगल कार्यालयात पोळ्या लाटून रात्री अकराला सुटणारी, यांना शिस्त कळलीच पाहिजे. दहा वर्षांचा मुलगा बरोबर असेल तर त्याला पुरुष धरा. समुपदेशनाला एखादे निवृत्त गृहस्थ नेमा. ते दर गुरुवारी 'दोन्ही हातांशिवाय टाळी वाजत नाही' हे सांगतील. नवऱ्याचा फोन आला तर पत्ता देऊन टाका. संसार जुळला तर पुण्य तुमचं, नाही जुळला तर नशीब तिचं.

आमच्या पंच कमिटीचीही अशी एक बैठक झाली, देवळामागच्या हॉलमध्ये. पाटीवर 'आश्रम' लिहावं की 'निवास', यावर दोन तास गेले. चहा झाला. कपबश्या गोळा करायला हॉल झाडणारी बाई आत आली, तेव्हा एकानं मोठ्या मनानं तिलाही विचारलं, "तुम्हाला काय वाटतं बाई, मराठी वर की कन्नड वर?"

तिनं ट्रे खाली ठेवला.

"दाराला आतनं कडी हाय काय?"

सेक्रेटरींनी हे लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत, आयत्या वेळच्या विषयात.