कापलेले राजपत्र

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या गावात दिवेलागणीनंतर वडाच्या पारावर जी मंडळी जमतात, त्यांच्यात परवा एका व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून चांगलीच जुंपली. गावामागच्या डोंगरउताराचा पट्टा ऑर्चर्ड झोनमधून, म्हणजे बागायतीतून, काढून सेटलमेंटमध्ये, म्हणजे घरे बांधता येतील अशा झोनमध्ये, घातला जात आहे, असा तो संदेश होता आणि सोबत शासकीय राजपत्राच्या एका पानाचे छायाचित्र होते. सर्व्हे क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. मात्र पानाचा वरचा भाग, म्हणजे नेमका तारीख आणि अंक असलेला, कापलेला होता. खाली एवढेच लिहिले होते : ‘गाव विकला, झोपलात काय?’

मास्तरांनी चष्मा वर सारून ते वाचले आणि तारीख नसलेल्या कागदावर आपण बोलत नाही, असे सांगून टाकले. टॅक्सी चालवणारा आमचा मित्र उसळला. ‘राजपत्र दर गुरुवारी निघते, मास्तर, पण गावात ते वाचतो कोण? हे आले नसते, तर जेसीबी डोंगरावर चढल्यावरच आपल्याला कळले असते.’

हे खोडून काढण्यासारखे नव्हते. नगरनियोजन कायद्यात 2024 साली घातलेल्या 39अ कलमाखाली झोनबदलाची सूचना निघाली की हरकतींसाठी 30 दिवस मिळतात, आणि ते दिवस कोणाला न कळता सरून जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

मास्तर मग 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलावर गेले. (ते तिथे जाणार, हे सर्वांना ठाऊकच असते.) फुलाची खूण म्हणजे गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांची म्हणजे वेगळा संघप्रदेश, ‘गोमन्तक’ फुलाच्या बाजूचा आणि ‘राष्ट्रमत’ पानांच्या, दोन्ही मराठी दैनिके आणि दोघांनीही हातचे काही राखले नाही. विलीनीकरण 34,021 मतांनी फेटाळले गेले. ‘आमचे घर फुलाचे होते, तरी वडील दोन्ही वाचायचे. आवडले नाही तर कोणाला जाब विचारायचा, हे ठाऊक होते. संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे अंकातच छापलेली असायची. या तुमच्या संदेशाखाली कोणाचे नाव आहे?’

‘म्हणजे प्रचार तेव्हाही होताच की,’ टॅक्सीवाला म्हणाला.

वकीलबाई आतापर्यंत गप्प होत्या. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील 127अ कलमानुसार निवडणुकीच्या साध्या पत्रकावरही मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता असावाच लागतो आणि उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरील खाती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागतात, असे त्यांनी सांगितले. ‘पण उमेदवाराच्या खात्यावरून आलेल्या खोट्याची मला एवढी भीती नाही. हे बघा, इथे दोन बाण आहेत, म्हणजे हे पाच किंवा त्याहून अधिक हातांतून आले आहे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ही अट 2020 पासून आहे. त्याने वेग कमी होतो, मूळ पाठवणारा मात्र सापडत नाही.’

माझे मत मी तेव्हा मांडले नाही, ते असे : या संदेशाने गावाला जागे केले ते खरे, पण काय करायचे ते कळण्यासाठी जे हवे होते, तेवढेच त्यातून कापले गेले होते. तारीख असती, तर माणूस मुदत मोजतो आणि अर्ज लिहायला बसतो. तारीख नसली की नुसता संतापतो आणि तो संताप पुढच्या ग्रुपवर ढकलतो. हे कोणी मुद्दाम केले असेल असे नाही, पडद्यावर मावावे म्हणूनही कापले असेल. परिणाम तोच.

वकीलबाईंनी तिथेच सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावरून तो अंक शोधून काढला. सूचना खरी निघाली, सर्व्हे क्रमांक बरोबर होता आणि मुदत संपलेली नव्हती. विकण्याचा उल्लेख कुठेच नव्हता. अर्ज झोन बदलण्याचा होता. टॅक्सीवाल्याने मास्तरांकडे विजयी मुद्रेने पाहिले आणि मास्तरांनी ‘विकला’ या शब्दावर बोट ठेवले.

हरकतीचा मसुदा वकीलबाई करणार हे लगेच ठरले. सह्यांसाठी घरोघर फिरायचे की ग्रुपवर निरोप टाकायचा, यावर मात्र दोघे पुन्हा भिडले. शेवटी निरोप टाकायचा, पण त्याखाली पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव आणि राजपत्राची तारीख घालायची, एवढ्यावर मास्तर राजी झाले. नाव कोणाचे घालायचे, हे अजून ठरायचे आहे.