नळाला पाणी सोडले की मालक सुटला?

पुण्यातल्या धायरीत माझा चुलतभाऊ दोन सदनिका भाड्याने देतो. भाडेकरूंच्या पाण्यावरून घरच्या मंडळींत वाद निघाला, तेव्हा दादा म्हणाला, “नळाला पाणी सोडलं की मालकाचं काम संपलं, ते कसं आहे, हे ज्याचं त्याने पाहावं.” ज्या सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी 2025 मध्ये गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, तिथेच राहून हे बोलावे, याचा मला अजून संताप येतो.

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला भाड्याने राहतो. ताबा देण्याआधी एजंटच्या माणसाने गरम पाण्याला तापमापक लावून साठ अंश भरल्याची खात्री केली, बंद असलेला शॉवर बराच वेळ वाहू दिला आणि लिजिओनेला या पाण्यात वाढणाऱ्या घातक जिवाणूच्या तपासणीचा कागद माझ्या हाती दिला. इथे 1985 च्या कायद्याने नळ, टाक्या सुस्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. घर राहण्यायोग्य आहे का, हे ठरवताना पाणीपुरवठाही पाहिला जातो आणि 2018 च्या कायद्यामुळे भाडेकरूला त्यासाठी थेट न्यायालयात जाता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 29 मालकाला पाणी तोडू देत नाही, हे चांगलेच आहे. परंतु न तोडलेले पाणी पिण्याजोगे आहे का, यावर ते कलम बोलत नाही.

टँकरचा पाइप रस्त्यावरून फरफटत आणून तसाच दादाच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत सोडलेला मी गेल्या मे महिन्यात पाहिला. ती टाकी कधी धुवायची, पाणी कुठे तपासायचे, हे सभासदांच्या सभेत ठरते आणि सभासद असतो मालक. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला त्या सभेत मतच नसेल, तर त्याने पाहायचे तरी काय?

“तिकडे बसून सांगणं सोपं आहे,” हे दादाचे उत्तर मला लागले. त्याच सोसायटीत माझीही सदनिका आहे, तिचा मिळकतकर मी भरतो. तरी पाण्याविषयी बोललो की मी बाहेरचा ठरतो, आणि इथे लेस्टरमध्ये माझे हक्क कागदावर पक्के असूनही ही गल्ली मला माझी वाटत नाही. माझ्या सदनिकेच्या नव्या करारात मी पाणीतपासणीचा खर्च मालकाकडे, म्हणजे माझ्याकडे, घेतला आहे. दादाचे भाडेकरू आता त्याच्याकडे तेच कलम मागत आहेत, म्हणून तो माझ्याशी बोलत नाही.