क्लेअर्स कुणी बुडवलं?

कानातली, क्लिपा विकणाऱ्या क्लेअर्स या दुकानसाखळीची बातमी आली की खाली ठरलेली कमेंट असते : हल्लीच्या पोरींची आवड बदलली, त्या शीइन आणि टेमू या ऑनलाइन दुकानांवरून कानातली मागवतात, दुकानात कोण जाणार? खोटं नाही ते. पण अर्धंच आहे.

2007 मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने ही अमेरिकन साखळी 3.1 अब्ज डॉलरना घेतली, तीही बरंचसं कर्ज काढून. आणि ते कर्ज बसलं क्लेअर्सच्याच मानगुटीवर! हेअरबँड, क्लिपा, चमचमणारी पाकिटं विकून जमलेला गल्ला व्याजात जाणार. 2018 मध्ये पहिली दिवाळखोरी, तेव्हा सुमारे 1.9 अब्ज डॉलरचं कर्ज उतरवलं. 6 ऑगस्ट 2025 ला दुसरी, तेव्हा पुन्हा जवळपास 50 कोटी डॉलरचं कर्ज डोक्यावर. त्यात चिनी मालावर ट्रम्पचं आयातशुल्क.

आठवड्याभरात ब्रिटन-आयर्लंडमधली 306 दुकानंही प्रशासकांच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या माणसांच्या ताब्यात गेली. तिथे कामाला 2,150 माणसं. सप्टेंबरात मोडेला कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने त्यातली 156 दुकानं घेतली तेव्हा ‘हजार नोकऱ्या वाचल्या’ असे मथळे झळकले. बाकीच्या हजारेकांचं काय, ते बातमीच्या तळाशी. आणि 2026 उजाडताच वाचलेली दुकानंही परत प्रशासकांकडे.

माझी मामेबहीण इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या लेकीचे कान क्लेअर्समध्येच टोचले. काउंटरवरच्या दोघींनी पेनाने पाळीवर ठिपके दिले, आरशात दाखवले, एक खाली वाटला म्हणून पुसून परत काढला. मग दोन्ही कान एकदम, कारण एक झाल्यावर पोरगी दुसरा देत नाही! आपल्याकडे हे सोनाराचं काम. टेमूवरून येणारं नव्हे. म्हणजे दुकानात गिऱ्हाईक आणणारं कसब या मुलींच्याच हातात होतं.

आता त्यांना मिळतं काय? ब्रिटनच्या कायद्यानं दोन वर्षं नोकरी झाली नसेल तर नोकरकपातीची कायदेशीर भरपाई शून्य. झाली असेल तर बाविशीच्या आतल्या प्रत्येक वर्षाला अर्ध्या आठवड्याचा पगार. अठराव्या वर्षी लागून एकविसाव्या वर्षी घरी बसलेलीला दीड आठवडा! कंपनीच बुडाल्याने तोही सरकारी निधीतून, म्हणजे लोकांच्याच पैशातून.

माझं म्हणणं एवढंच, की कंपनी कर्ज काढून विकत घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण कामगारांच्या भरपाईची रक्कम आधी बाजूला काढा, स्वतःच्या खिशातून. बँका तारण घेतल्याशिवाय दमडी देत नाहीत, मग त्या मुलींनीच सगळं विश्वासावर का सोडायचं?