मुलांवर ‘दृक’, ‘श्राव्य’, ‘कृतिशील’ असे शिक्के मारणं थांबवा

‘समग्र शिक्षणाचे पाच नियम’ नावाचा एक मजकूर पालकांच्या गटांमधून फिरतोय. परवा तो माझ्या बहिणीपर्यंत पोचला. दहा प्रश्नांच्या चाचणीत दुसरीतला भाचा ‘श्राव्य’, म्हणजे ऐकून शिकणारा, निघाला, म्हणून त्याला वाचायला बसवणं बंद करायचं तिनं ठरवलं. आता मात्र उत्तर देणं भाग आहे.

नियम पहिला: प्रत्येक मूल पाहून, ऐकून किंवा करून शिकणारं असतं, त्याला त्याच पद्धतीनं शिकवा. पाचांतला हा सगळ्यात घातक. ती चाचणी मुलाला काय आवडतं एवढंच विचारते; काय केल्यानं त्याला जास्त येतं, हे तिच्यातून कळतच नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी 2008 साली यावरचं संशोधन तपासलं. दावा खरा ठरायला प्रत्येक गटातल्या मुलांना वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवून सगळ्यांची परीक्षा एकच घ्यायला हवी, आणि ज्याची जी पद्धत तीच त्याला सरस ठरायला हवी. असे प्रयोग मुळात मोजकेच सापडले, आणि त्यांतल्या कित्येकांचे निष्कर्ष दाव्याच्या सरळ विरोधात होते.

शिवाय कसं शिकवायचं हे त्या धड्यात काय आहे त्यावर ठरतं. ‘कि’ घ्या. कानाला आधी क् ऐकू येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी क च्या आधी येते. नुसतं ऐकून लिहिणारं मूल क काढतं आणि वेलांटी त्याच्या उजवीकडे देतं, म्हणजे ‘की’ होतो. इथे डोळा, कान आणि हात तिघंही लागतात: अक्षर दाखवा, उच्चार मोठ्यानं करायला लावा आणि तो करतानाच लिहून घ्या. ‘श्राव्य’ म्हणून वाचन सोडलेल्या मुलाला हा सराव मिळणारच नाही. आणि मूल खरोखरच वाचन टाळत असेल तर आधी त्याचे डोळे तपासा, कोणत्या अक्षरांवर अडतं ते पाहा. शिक्का मारला की ही तपासणी राहून जाते.

दुसरा नियम टक्केवारीचा: वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, केलेलं 90 टक्के. हे आकडे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या 1946 सालच्या ‘अनुभवांच्या शंकू’वर, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांची प्रत्यक्षापासून अमूर्तापर्यंत मांडणी करणाऱ्या आकृतीवर, नंतर कुणीतरी चिकटवलेले आहेत. मूळ शंकूत एकही टक्का नाही.

तिसरा, डाव्या आणि उजव्या मेंदूची मुलं, म्हणजे कुणात मेंदूची डावी बाजू वरचढ, कुणात उजवी. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली 7 ते 29 वयाच्या 1,011 जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. असे दोन प्रकार आढळले नाहीत. विषय संपला.

चौथा म्हणतो, पाढे आणि श्रुतलेखन बंद करा. साफ चूक. पाढे तोंडावर नसलेलं मूल भागाकार करताना प्रत्येक पायरीला बोटं मोजत बसतं आणि मूळ गणित विसरतं.

पाचवा, हातानं करायला द्या. यात अर्धं तथ्य आहे, मान्य. पण अर्धंच, कारण नुसत्या काड्या दिल्यानं वजाबाकी येत नाही. 52 − 27 साठी दहाचे 5 गठ्ठे आणि 2 सुट्या काड्या द्या. 7 सुट्या काढता येत नाहीत हे मुलाला स्वतःला अडू द्या. मग ते एक गठ्ठा सोडेल. आता 4 गठ्ठे आणि 12 सुट्या. त्याच क्षणी वहीत 5 खोडून 4 आणि 2 च्या जागी 12 लिहून घ्या. इथेच बहुतेक वेळा गफलत होते: आधी काड्यांचा खेळ पूर्ण, आणि वहीतली मांडणी नंतर, वेगळी. मग काड्यांनी 25 काढणारं मूल वहीत 35 लिहितं, कारण तिथे ते 7 मधून 2 वजा करतं. काड्या आणि वही जुळू लागल्या की गठ्ठ्यांसाठी उभ्या रेघा आणि सुट्यांसाठी टिंबं काढायला लावा, मग नुसते अंक. आणि गठ्ठा का सोडला हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत काड्या उचलू नका.