दिलं तरी तुझ्याकडं राहतंयच की!

तर तुम्हीही आता ऑनलाइन फाइली विकायचं ठरवलंय. अभिनंदन. वाढदिवसाच्या बॅनरची ओपन फाइल (म्हणजे नाव-फोटो बदलता येणारी मूळ फाइल) असो, लग्नपत्रिकेचा साचा असो, दहावीच्या नोट्स असोत की रश्श्याच्या रेसिपींचं ई-बुक. भांडवल नको, गाळा नको, हमाल नको, एकदा करायचं आणि हजारदा विकायचं, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार. मलाही सांगितलं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत एका जिन्याखालच्या खोलीत बसून मी सहा वर्षं बॅनरच्या फाइली विकतोय. अनुभवानं सांगतो, एकदा करायचं हे खरं आहे आणि हजारदा हेही खरं आहे. मधलं ‘विकायचं’ तेवढं आपल्या हातात नसतं.

म्हणून पहिला नियम पाठ करा: गिऱ्हाइकावर संशय घ्यायचा नाही.

रात्री साडेअकराला मेसेज येतो. ‘भावा, उद्या साहेबांचा वाढदिवस हाय. फाइल टाक पटकन, पैसे सोडलेत.’ खाली स्क्रीनशॉट. हिरवा गोल, त्यात बरोबरची खूण, १४९ रुपये. काही कोत्या मनाचे लोक अशा वेळी स्वतःच्या बँकेचं ॲप उघडून पैसे खरंच जमा झालेत का ते बघतात. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी यूटीआर नंबर असतो, तो मागून घेतात आणि आपल्या खात्यातल्या नोंदीशी ताडून बघतात. असलं काही करू नका. समोरच्याचं मन दुखावतं. स्क्रीनशॉटकडं कलाकृती म्हणून बघायला शिका. माझ्याकडं आलेल्या एका स्क्रीनशॉटमध्ये मोबाइलच्या वरच्या पट्टीवर ११:३२ वाजले होते आणि पैसे गेल्याची वेळ ११:४७ होती. म्हणजे गृहस्थानं पंधरा मिनिटांनंतरच्या भविष्यात पैसे पाठवले होते. मी फाइल वर्तमानकाळात पाठवली. पैसे वाटेत असावेत. तीन वर्षं झाली.

दुसरी जात जरा वरची. ‘दादा, चुकून एक शून्य जास्त पडलं, १४९ च्या जागी १४९० गेलेत. बाकीचे परत सोड की.’ सोबत बँकेचा असावा तसा एसएमएस, फक्त तो बँकेच्या नावानं न येता कुणाच्या तरी दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला. तरीही परत सोडा. आपल्या गावाचं मन मोठं आहे, ते असं दोन मिनिटांत सिद्ध करायची संधी रोज येत नाही. कुणी ‘पैसे घ्यायला पिन टाक’ म्हणालं तर तोही टाका. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, असली माहिती डोक्यात ठेवून उगाच झोप का घालवायची?

पण ही सगळी बाहेरची माणसं. खरा धडा आपली माणसं शिकवतात.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. म्हैस समोर, धार समोर, फेसाळ दुधाचा ग्लास हातात. पिणारा मिशा पुसत पैसे काढून देतो. तिथं आजवर कुणी म्हशीच्या मालकाला ‘आधी पिऊन बघतो, आवडलं तर देतो’ असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हटलं असतं तर त्यानं ते दुसऱ्यांदा म्हटलं नसतं. मार्केट यार्डात गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, उचलून ‘असू दे, आपलाच माणूस हाय’ म्हणत कुणी रिक्षात घालत नाही. हीच इमानदार, रांगडी माणसं माझ्या जिन्याखाली आली की त्यांच्यात एक सूक्ष्म बदल होतो. का, हे मला बरेच दिवस कळलं नाही. एका मंडळाच्या अध्यक्षानं समजावलं. (पेठेचं नाव सांगत नाही, मला तिथून रोज जायचं असतं.) शाहू स्टेडियमवर त्यांच्या संघाची मॅच होती आणि पोरांना फ्लेक्सची फाइल हवी होती. पैशाचं नाव काढल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. ‘अरे मर्दा, म्हशीचं दूध दिलं तर कमी होतंय. तुझी फाइल दिली तरी तुझ्याकडं राहतंयच की!’

या तत्त्वज्ञानापुढं मी हात जोडले. तुम्हीही जोडा. वाद घालू नका. चार रात्री जागलो, लाइट गेली, बायकोनं दोनदा जेवण गरम करून शेवटी झाकून ठेवलं, हे सगळं सांगून काही उपयोग नाही. कारण ते गेलं तरी तुमच्याकडं राहतंयच की, आठवणीत.

आता नमुन्याकडं वळू. ‘आधी बघू दे’ हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. शहाणे विक्रेते अशा वेळी लहान आकाराचा जेपीजी पाठवतात, त्यावर आपलं नाव आडवं मारतात आणि ओपन फाइल पैसे आल्यावर देतात. मीही तसंच केलं. दोन दिवसांनी सकाळी नाक्यावर चहा पीत होतो, मान वर केली तर दहा बाय वीसचा फ्लेक्स. मी पाठवलेला तो नमुनाच छापला होता! व्हॉट्सॲपवरच्या एवढ्याशा चित्राचा वीस फूट केल्यामुळं साहेबांचा चेहरा ठिपक्यांच्या रांगोळीसारखा झाला होता. कानापासून कानापर्यंत, बरोबर नाकावरून, माझ्या दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर गेला होता. खाली छत्तीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो, तेही तसेच. मला वाटलं, चला, फुकटात जाहिरात झाली. तेवढ्यात फोन. ‘काय राव, ते तुझं नाव काढून द्यायला नको होतंस? साहेब भडकलेत. छपाईचे पैसे कोण देणार?’

मी माफी मागितली. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही मागा. आणि पुढच्या वर्षीच्या वाढदिवसाची फाइल आगाऊ देऊन टाका.

काही जण सुचवतील की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फाइलीत एखादी गुप्त खूण ठेवा. एखाद्या लेयरमध्ये त्याचा नंबर, कमळाची एक पाकळी किंचित वाकडी, कुणाला निळ्याची एक छटा आणि कुणाला दुसरी. म्हणजे फाइल बाहेर फुटली की कुणाकडून फुटली ते कळतं. हा सल्ला मात्र खरंच ऐकू नका. मी ऐकला. दर गिऱ्हाइकामागं मोराचं एक पीस कमी-जास्त करत गेलो, वहीत नोंद ठेवली. एका टेलिग्राम ग्रुपवर माझी फाइल सापडली. खोलीचं दार लावून पिसं मोजली. सतरा. वही उघडली. सतरा पिसांचा मोर मी कुणालाही विकला नव्हता, तो माझ्या मावसभावाला भाऊबिजेला प्रेमानं दिला होता. आता लग्नकार्यात आम्ही एकाच पंगतीला बसतो. वाढपी पांढरा रस्सा घेऊन आला की भाऊ म्हणतो, ‘दादाला वाढा आधी.’ काय बोलणार?

शिवाय माझ्या बाबतीत गुप्त खुणेची गरजही नव्हती. माझ्या सुरुवातीच्या एका फाइलीत मी घाईत ‘हार्दीक शुभेच्छा’ लिहिलं होतं. ती दीर्घ वेलांटी आज उचगावपासून गारगोटीपर्यंत चौकाचौकात फडफडते आहे. पैसे देऊन ती नेणारे नऊ. उरलेल्या जिल्ह्यानं माझी चूक आपली मानली.

ही झाली गावातली वहिवाट. बाहेरगावचं शिकलेलं गिऱ्हाईक असलं स्क्रीनशॉट-बिक्रीनशॉट करत नाही. ते क्रेडिट कार्डानं रीतसर पैसे भरतं, फाइल उतरवून घेतं, ‘खूप छान’ असा अभिप्राय देतं आणि महिन्याभरानं आपल्या बँकेला कळवतं की हा व्यवहार मी केलाच नाही, किंवा केला पण माल मिळालाच नाही. याला चार्जबॅक म्हणतात. पैसे तुमच्याकडून काढून घेतले जातात, वर काही ठिकाणी हाताळणीचा खर्चही लागतो, आणि मग तुम्हाला मोठ्या मनानं विचारतात, तुमच्याकडं काही पुरावा आहे का? गूळ विकला असता तर कुरिअरची सही असती. चप्पल विकली असती तर पार्सलचं वजन असतं. फाइलीला वजन नसतं, दारात येऊन ती बेल वाजवत नाही आणि शेजारच्या काकू तिच्यासाठी सही करत नाहीत. फाइल किती वाजता, इंटरनेटच्या कुठल्या आयपी पत्त्यावरून, कुठल्या ईमेलनं उतरवली याची नोंद ठेवणारे खडूस विक्रेते असतात, ते मुदतीत ती पाठवतात आणि कधीकधी जिंकतातही. तुम्ही तसलं काही ठेवू नका. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढं एका ओळीत लिहून पाठवा. बँका भावनाप्रधान असतात.

कायद्याचीही आठवण कुणीतरी करून देईलच. आहे ना कायदा. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा, कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हक्क मिळायला नोंदणीही सक्तीची नाही, चित्र काढलं की तुमचं. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तर शिकवणीचं साहित्य फुकट वाटणाऱ्या चॅनेलवाल्यांची माहिती टेलिग्रामला बंद लिफाफ्यात द्यायला लावली. पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर आहे, जितक्या लवकर फिरवाल तितकं बरं. हे सगळं खरं. पण १४९ रुपयांच्या मोरासाठी चौकीत जाऊन उभे राहा, आणि ‘नेमकं काय चोरीला गेलं?’ या प्रश्नाला उत्तर द्या. ‘फाइल.’ ‘मग आता तुमच्याकडं नाही?’ ‘आहे.’ पुढचं मी सांगत नाही. आणि त्यांनी उलटं विचारलं की तुम्ही ज्यावर डिझाइन शिकलात ते कोरलचं सॉफ्टवेअर कुठनं आणलं होतं, विकत घेतलं होतं काय, तर? तो विषय आज नको.

म्हणजे आपल्या लोकांना चोरीची चीड नाही असं समजू नका. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आख्खं गाव पेटलं होतं. बरोबरच होतं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन असलेली चप्पल. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून ते मानांकन, पिढ्यान् पिढ्या कातडं कमावणारे हात. पुढं कंपनीनं प्रेरणा कुठली ते कबूल केलं, त्यांची माणसं इथं येऊनही गेली. त्या गदारोळात मीही एक पोस्टर केलं. वर मोठी चप्पल, खाली लाल अक्षरांत ‘आमच्या कारागिरांची कला चोरणाऱ्यांचा जाहीर निषेध’, आणि कोपऱ्यात बारीक माझं नाव. संध्याकाळपर्यंत ते पोस्टर चाळीस-पन्नास जणांच्या स्टेटसला होतं. प्रत्येकानं खालची पट्टी कापून माझं नाव घालवलं होतं. दोघांनी तिथं स्वतःचं टाकलं होतं. त्यातला एक मावसभाऊ.

मी त्याला बदाम पाठवला.

शेवटी बॅकअपचं सांगतो. ठेवू नका. गेल्या महिन्यात माझी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि दुपारी चहा येईपर्यंत गप्प झाली. सहा वर्षांचं काम आत. दुरुस्तीवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी डिस्क खिशात घालून परत आलो. त्याच रात्री एका ग्रुपवर जाहिरात दिसली: ‘५००० ओपन फाइली, फक्त ९९ रुपये.’ नमुन्याच्या चित्रात पहिलाच बॅनर, ‘हार्दीक शुभेच्छा’.

मेसेज केला. ‘ओरिजिनल हाईत काय?’

‘एक नंबर. सगळ्या आपल्या स्वतःच्या डिझाइन.’

‘काय कमी-जास्त?’

‘परवडत न्हाई भावा. रात्र-रात्र जागलोय, मेहनत हाय त्यात.’

काय सुचलं कोण जाणे, मी लिहिलं, ‘दिली तरी तुझ्याकडं राहतंयच की!’

बराच वेळ निळ्या टिका नुसत्याच दिसत राहिल्या. मग उत्तर आलं.

‘९९ टाक आणि बारा आकडी नंबर पाठव. स्क्रीनशॉट चालत न्हाई आपल्याकडं.’