मिसरी, हिरड्या आणि पोटरीतला गोळा

हिरड्यांतले जंतू पायाच्या धमनीत साचलेल्या चरबीच्या थरातही सापडलेत, हे एका लेखात वाचलं आणि आमच्या आज्जीचा पाय डोळ्यांसमोर आला. अंबाबाईला जाताना महाद्वार रोडवर शंभर पावलं झाली की पोटरीत गोळा, दुकानाच्या पायरीवर टेकली की दोन मिनिटांत गायब. आम्ही वर्षभर कंबरेची नस म्हणून तेल चोळत बसलो! शेवटी डॉक्टरांनी घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून भागाकार केला, ०.६ आला. ०.९ च्या खाली म्हणजे धमनी चोंदल्याचा संशय. मिसरीनं हिरड्या तर कधीच्याच सुजलेल्या. पण म्हणून जंतू मारायला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका राव. २००५ साली हृदयरोग्यांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत अझिथ्रोमायसिन, गॅटिफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स देऊनही झटके कमी झाले नाहीत. मिसरीची डबी मात्र मी लपवलीय, आज्जी रोज शोधते.