पिझ्झा गार झाला पण मॅच सोडली नाही
अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल एनबीएपेक्षा (तिथली प्रोफेशनल लीग) संथ वाटतं असं म्हणतात, ते पटलं बुवा, शॉट क्लॉकच (बास्केटवर शॉट मारायची मुदत) ३० सेकंदांचं, एनबीएत २४, पण मजा वेगळीच असते राव. काल आम्ही चौघं सहज जेवायला जमलो, पिझ्झा मागवला, टीव्हीवर मॅच चालू, आणि कुणीतरी २०१८ चा विषय काढला, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १६व्या सीडच्या (म्हणजे गटात सगळ्यात खालचं मानांकन) यूएमबीसी युनिव्हर्सिटीनं पहिल्या सीडच्या व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीला ७४-५४ असं लोळवलं ना, तो, मग जी काही जुंपली की पिझ्झा पार गारढोण. एकजण व्हर्जिनियाचा कट्टर फॅन, म्हणे अरे पुढच्याच वर्षी आम्ही चॅम्पियन झालो ते कुणी बोलत नाही (खरंय म्हणा ते). शेवटचे दोन तुकडे मात्र या गडबडीत त्यानंच हाणले 😄